कवच उतरत नसल्याचं चित्र आणि चुकलेला निष्कर्ष: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विषाणूच्या कवचाला दोन उलट कामं करावी लागतात. पेशीबाहेर असताना आतला जनुकीय धागा घट्ट सांभाळायचा, आणि योग्य पेशीत योग्य जागी पोचल्यावर तोच धागा सोडून द्यायचा. सोडायला उशीर झाला तर धागा कवचासकट पेशीच्या लायसोसोममध्ये (आम्लधर्मी, पाचक पिशवीत) जाऊन नष्ट होतो. घाई झाली तर तो बाहेरच उघडा पडतो आणि वाया जातो. या सोडण्याला प्रयोगशाळेत आम्ही सरसकट ‘अनकोटिंग’ म्हणतो. इथे कवचत्याग म्हणते.

प्रत्येक विषाणू-घराण्याची याची रीत निराळी आहे. इन्फ्लुएन्झाचा कण एंडोसोममध्ये, म्हणजे पेशी बाहेरचं आत घेते त्या पिशवीत, शिरतो, तिथलं आम्ल एम२ नावाच्या प्रोटॉन-मार्गातून कणाच्या आत झिरपतं, आतला एम१ प्रथिनाचा थर सैल होतो आणि जनुकांचे आठ तुकडे केंद्रकाकडे निघतात. अॅडेनोव्हायरस टप्प्याटप्प्यानं सुटा होतो: आधी बाहेरचे तंतू गळतात, मग एंडोसोमचं पटल फुटतं, उरलेलं कवच सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाच्या छिद्रापाशी जातं आणि तिथे उघडतं. रिओव्हायरस तर कवच पूर्ण उतरवतच नाही. आतला गाभा शेवटपर्यंत शाबूत ठेवून त्यातूनच आरएनए बाहेर सोडत राहतो.

आमचं काम एन्टेरोव्हायरसवर, त्यातही कॉक्सॅकी बी३ वर होतं. सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा कण, चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींचं कवच आणि आत साधारण ७,४०० अक्षरांचा एकच आरएनए धागा. कवचावर एक खोल घळ असते. पेशीवरचा ग्राही (विषाणू ज्याला चिकटतो ते प्रथिन) त्या घळीत बसला की घळीखालच्या पोकळीतला मेदासारखा छोटा रेणू निसटतो आणि कवचाची घडी बदलते. व्हीपी४ बाहेर पडतं, व्हीपी१चं एक टोक बाहेर येऊन पटलात रुततं, आणि मग आरएनए निघून जातो. सेंट्रिफ्यूजमध्ये हे तीन टप्पे वेगळे काढता येतात (‘एस’ हे खाली बसण्याच्या वेगाचं एकक): मूळ कण १६०एस, बदललेला कण १३५एस, रिकामं कवच ८०एस. त्या पोकळीत मूळ रेणूच्या जागी ठाण मांडून बसणारी औषधं कवच ताठ करतात आणि कवचत्याग रोखतात. प्लेकोनॅरिल हे त्यातलं सर्वांत परिचित नाव.

आमचा गट छोटा होता. मी मार्गदर्शक, एक पीएचडीची विद्यार्थिनी, सूक्ष्मदर्शकाचं काम बघणारे एक सहकारी, आणि आम्हाला रेणू पुरवणारा रसायनशास्त्रज्ञांचा एक गट. त्यांनी पाठवलेल्या रेणूंपैकी एकानं विषाणूची वाढ ठळकपणे कमी केली, आणि पेशींना त्या मात्रेत काही इजाही दिसली नाही. हे प्रकरण त्या रेणूचं आहे. त्याची नेमकी ओळख इथे देत नाही. दुर्बल अल्कधर्मी, मेदात विरघळणारा रेणू, एवढं पुरे. हा गुणधर्म पुढे महत्त्वाचा ठरणार होता आणि तो पहिल्या दिवसापासून आमच्या समोर कागदावर लिहिलेला होता.

अडचण कशी उभी राहिली

विद्यार्थिनीनं पहिला प्रयोग केला तो रेणू केव्हा दिल्यावर चालतो हे बघायचा. संसर्गाच्या क्षणी दिला तर विषाणूचं टायटर, म्हणजे संसर्गक्षम कणांचं प्रमाण, खूप खाली. चार तासांनी दिला तर जवळपास काहीच फरक नाही. तिनं वहीत लिहिलं, ‘सुरुवातीच्या टप्प्यावर परिणाम.’ ते बरोबर होतं. पुढच्या बैठकीत पेशीला चिकटणाऱ्या कणांची मोजणी आली. रेणू असो वा नसो, चिकटणं सारखंच. मग मी म्हणाले, ‘चिकटणं ठीक आहे, सुरुवातीलाच अडतंय, म्हणजे कवचत्याग.’ ही उडी माझी होती, तिची नव्हे. शून्य आणि चार तास यांच्या मध्ये कवचत्याग येतो, तसंच आरएनएचं पहिलं भाषांतर (त्यावरून प्रथिन बनणं), त्यातून निघालेल्या लांबलचक बहुप्रथिनाचे तुकडे पडणं, आणि आरएनएच्या प्रतिकृती तयार होऊ लागणं हेही सगळं येतं. आमच्याकडे या चार तासांतलं एकही मधलं रीडिंग नव्हतं.

मग चित्र आलं, आणि चित्रानं सगळ्यांनाच पटवलं. कवचाला लाल रंग, आतल्या आरएनएला नारिंगी रंग असे दुहेरी रंगवलेले कण पेशींना दिले आणि एका तासानं बघितलं. रेणू नसलेल्या पेशींत बरेचसे ठिपके नुसते लाल होते, म्हणजे कवच उरलं आणि आरएनए गेला. रेणू असलेल्या पेशींत दोन्ही रंग एकत्र, ठिपक्यामागून ठिपका. कुणालाही दाखवलं तरी पटेल असं ते चित्र होतं.

त्या आठवड्यात रेणूच्या नळ्यांवरचं लेबल बदललं. आधी रसायनशास्त्रज्ञांनी दिलेला क्रमांक होता. आता झाकणावर ‘यूबी’ लिहिलं गेलं, अनकोटिंग ब्लॉकरचं लघुरूप. पुढचे कितीतरी महिने आम्ही बोलताना, वहीत, फाइलींच्या नावांत तेच वापरलं. एका परिषदेसाठी सारांशही पाठवून झाला, शीर्षकातच ‘कवचत्याग रोखणारा’ असं लिहून.

शंका बाहेरून आली. रसायनशास्त्रज्ञांच्या गटानं रेणूची थोडी थोडी बदललेली आठ-दहा रूपं पाठवली होती. त्यांतली दोन अशी निघाली की चित्रात दोन्ही रंग अगदी घट्ट एकत्र, पण विषाणूची वाढ मात्र जवळपास नेहमीसारखी. कवच उतरत नसेल तर विषाणू वाढतो कसा? विद्यार्थिनीनं हे निकाल तीनदा करून मगच मला दाखवले. ‘मॅडम, मला वाटतं चित्र आणि वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,’ ती म्हणाली. मी पहिल्यांदा त्या दोन रूपांच्या शुद्धतेवर शंका घेतली. ती शुद्ध होती.

चित्र फसवं का असू शकतं

पर्याय समजायला इथे जरा थांबावं लागेल, कारण प्रकरणाचा गाभा हाच आहे.

एन्टेरोव्हायरसच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाला दिसणारे कण आणि प्रत्यक्ष प्लाक (पेशींच्या थरातला मेलेल्या पेशींचा डाग) पाडणारे कण यांच्यात प्रचंड तफावत असते. पोलिओ विषाणूसाठी हे गुणोत्तर ३० ते १,००० कणांमागे एक असं धरतात. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या शेकडो ठिपक्यांपैकी जो एक खरोखर संसर्ग घडवणार, तो कुठला हे चित्र सांगत नाही. शिवाय चित्रासाठी आम्ही पेशीमागे कितीतरी जास्त कण वापरत होतो, नाहीतर ठिपके दिसलेच नसते. टायटरचे प्रयोग त्याच्या लहानशा अंशावर चालायचे.

वेळेचाही प्रश्न होता. २००७ मध्ये पोलिओ विषाणूचं जिवंत पेशींत जे चित्रण प्रसिद्ध झालं, त्यात पेशीनं कण आत घेतल्यावर लगेच, पटलापासून अवघ्या १०० ते २०० नॅनोमीटरवर आरएनए सुटताना दिसला. आमचा विषाणू पोलिओ नव्हे, पण जवळचा नातलग. एका तासानंतर घेतलेल्या आमच्या चित्रात जे उपयोगी कण असतील त्यांचं काम कदाचित आधीच संपलेलं होतं. सुटलेला आरएनए पसरतो आणि त्याचा रंग दिसेनासा होतो. दुरंगी ठिपके म्हणून जे उरतात ते मागे राहिलेले कण: एंडोसोममध्ये खोल गेलेले, लायसोसोमच्या वाटेवर असलेले.

आणि तिथे दुर्बल अल्कधर्मी रेणू काय करतो? असे रेणू आम्लधर्मी पिशव्यांत साचतात आणि तिथलं आम्ल कमी करतात. आम्ल कमी झालं की लायसोसोमची पाचक विकरं मंदावतात. मागे राहिलेले कण मग मोडत नाहीत. दोन्ही रंग एकत्रच दिसत राहतात.

विषाणूशास्त्राला हा धडा नवा नाही. अॅमँटाडिन १९६६ मध्ये इन्फ्लुएन्झासाठी मान्य झालं, पण ते कुठे काम करतं याचा उलगडा १९८५ मध्ये झाला, जेव्हा त्याला न जुमानणाऱ्या विषाणूंतले बदल एम२ प्रथिनात सापडले. मधल्या काळातला गोंधळ समजण्यासारखा आहे. जास्त मात्रेत अॅमँटाडिन स्वतःच दुर्बल अल्कासारखं वागून एंडोसोमचं आम्ल कमी करतं, आणि कमी मात्रेत एम२ बंद करतं. एकाच रेणूचे दोन परिणाम, आणि दोन्ही एंडोसोमपाशीच.

एचआयव्हीचंही तसंच. सुमारे १,५०० प्रथिनांच्या प्रतींनी बनलेलं त्याचं शंकूसारखं कवच पेशीत शिरल्यावर थोड्याच वेळात पेशीद्रवात विरघळतं, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. २०२० च्या सुमारास पुरावे पुढे आले की शंकू जवळजवळ अखंड केंद्रकाच्या छिद्रातून आत जातो आणि कवच केंद्रकात, समाकलनाच्या (विषाणूची जनुकं पेशीच्या डीएनएत जोडली जाण्याच्या) जागेजवळ उतरतं. पेशीद्रवात विरघळताना दिसणारे कण खरे होते. फक्त त्यांतले बहुतेक संसर्ग घडवणारे नव्हते.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी ते वर्गात शिकवत होते. स्वतःच्या चित्रापुढे मात्र ते आठवलं नाही.

समोर असलेले पर्याय

त्या बैठकीत चार वाटा समोर आल्या.

पहिली, काहीच न बदलता पुढे जायचं. दोन रूपांचा विसंगत निकाल पुरवणी माहितीत टाकायचा आणि ‘अधिक अभ्यास आवश्यक’ म्हणायचं. हे कुणी असं स्पष्ट म्हटलं नाही, पण सारांश पाठवून झालेला असताना ती ओढ होती, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरी, सूक्ष्मदर्शकाचंच काम वाढवायचं: दर मिनिटाला चित्र, एकेका कणाचा माग, जास्त चांगला रंग. सूक्ष्मदर्शकवाले सहकारी यासाठी उत्सुक होते आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पण कितीही चांगलं चित्र काढलं तरी कुठला कण उपयोगी हा प्रश्न तसाच राहणार होता.

तिसरी, न्यूट्रल रेडची जुनी पद्धत. विषाणू अंधारात, या रंगाच्या सान्निध्यात वाढवायचा. नवीन कवच बांधलं जाताना रंग आरएनएबरोबर आत कोंडला जातो. अशा कणावर प्रखर उजेड पाडला की रंग आरएनएला जायबंदी करतो आणि कण निकामी होतो. पण आरएनए एकदा कवचाबाहेर पडला की रंग विरून जातो, आणि मग उजेड त्याचं काही बिघडवू शकत नाही. म्हणून वेगवेगळ्या वेळी उजेड पाडायचा आणि शेवटी प्लाक मोजायचे. उजेड सोसून जे प्लाक पडले, त्यांचं कवच त्या क्षणाआधी उतरलेलं होतं. या पद्धतीचं मोल असं की मोजणीत फक्त संसर्ग घडवणारे कणच येतात. वाया गेलेले कण प्लाक पाडतच नाहीत, त्यामुळे ते आपोआप गळतात. तोटा असा की सगळं काम लाल दिव्यात करावं लागतं, आणि आमच्याकडे कुणीच ते पूर्वी केलेलं नव्हतं.

चौथी वाट सगळ्यांत साधी: कवचच वगळायचं. या विषाणूचा आरएनए स्वतःच संसर्गक्षम असतो. उघडा आरएनए संसर्ग घडवू शकतो हे १९५६ मध्ये तंबाखूच्या मोझॅक विषाणूवर सिद्ध झालेलं आहे. आरएनए थेट पेशीत सोडायचा. रेणू खरोखर कवचत्याग रोखत असेल तर इथे त्याचा काही परिणाम दिसता कामा नये.

तिसरी आणि चौथी वाट दोन्ही घ्यायच्या, असं ठरलं. क्रम मात्र चुकला. चौथी दोन दिवसांत झाली असती. आम्ही तिसरीपासून सुरुवात केली, कारण ती ‘कवचत्यागाची’ चाचणी होती आणि आमच्या डोक्यात अजून कवचत्यागच होता.

काय केलं

न्यूट्रल रेडचा विषाणू वाढवायला दोन प्रयत्न लागले. पहिला साठा उजेडात पुरेसा मरत नव्हता. कुठेतरी रंग कमी पडला होता किंवा अंधार अपुरा होता. उजेडात धरलेल्या आणि अंधारात ठेवलेल्या नमुन्यांत किमान हजारपट फरक हवा, असा नियम आम्ही घातला आणि दुसरा साठा त्यात बसला. इन्क्युबेटरच्या काचेवर काळा कागद, हूडचा दिवा बंद, खोलीत एक लाल दिवा, आणि दारावर ‘उघडू नका’ची पाटी.

कंट्रोल, म्हणजे परिणाम आधीच ठाऊक असलेला तुलनेचा नमुना, म्हणून प्लेकोनॅरिल घेतलं. ते कवचत्याग रोखतं, म्हणजे ते दिल्यावर कण उजेडाला हळवे राहायला हवेत. तसं झालं नाही. प्लेकोनॅरिल दिलेल्या पेशींतही विषाणू पहिल्या तासाभरात उजेडाला पुरून उरू लागला, अगदी औषध नसल्यासारखा.

इथे दुसरा निर्णयक्षण आला. कंट्रोल चालत नाही म्हणजे चाचणी चुकलेली, असं मी म्हणाले, आणि न्यूट्रल रेड सोडून देण्याच्या अगदी बेतात आलो होतो. दोन आठवडे रंगाची मात्रा, उजेडाचं अंतर, प्लेकोनॅरिलची बाटली, सगळं बदलून पाहिलं. विद्यार्थिनीनं एका संध्याकाळी वेगळाच प्रश्न विचारला: ‘आपल्या विषाणूवर प्लेकोनॅरिल चालतं, हे आपण कधी तपासलंय का?’ नव्हतं तपासलं. आमचा विषाणू कॉक्सॅकी बी३चा नॅन्सी हा प्रकार होता, आणि नॅन्सी प्लेकोनॅरिलला मुळातच दाद देत नाही. व्हीपी१ मधल्या एका अमिनो आम्लाच्या फरकामुळे औषध त्या पोकळीत नीट बसत नाही. ही माहिती छापलेली होती. आम्ही वाचलेली नव्हती.

मग दोन गोष्टी केल्या. थंडीचा कंट्रोल घेतला: चार अंशांवर कण पेशीला चिकटतो पण कवच उतरवत नाही, म्हणून तिथे ठेवलेला विषाणू उजेडाला हळवाच राहायला हवा. तो राहिला. आणि प्लेकोनॅरिलला दाद देणारा दुसरा एक प्रकार आणून त्याचाही न्यूट्रल रेड साठा केला. तिथे प्लेकोनॅरिलनं कवचत्याग अपेक्षेप्रमाणे थांबवला. चाचणी नीट चालत होती, आम्ही कंट्रोल चुकीचा निवडला होता.

त्यानंतर आमच्या रेणूची पाळी. दर पंधरा मिनिटांनी उजेड. रेणू असलेल्या पेशींत विषाणू उजेडाला पुरून उरण्याचा वेग आणि रेणू नसलेल्या पेशींतला वेग, दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. यात एक बारकावा होता. शेवटी प्लाक पडायला हवेत, म्हणून उजेडानंतर रेणू धुऊन काढावा लागत होता, आणि पेशींत साचणारा रेणू सहज निघत नाही. म्हणून उजेड न पाडलेल्या, तसाच रेणू देऊन धुतलेल्या नमुन्याशी प्रत्येक रीडिंगची तुलना केली. तरीही निष्कर्ष तोच: संसर्ग घडवणारे कण कवच वेळेवर उतरवत होते.

मग चौथी वाट, खरं तर पहिली असायला हवी होती ती. पूर्ण आरएनएऐवजी रेप्लिकॉन वापरला, म्हणजे कवचाची जनुकं काढून त्या जागी ल्युसिफेरेज या चमक देणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलेला आरएनए. यात नवे कण तयारच होत नाहीत, म्हणून दुसऱ्या फेरीच्या संसर्गाचा गोंधळ नाही. कवच नाही, ग्राही नाही, एंडोसोम नाही. रेणूनं ल्युसिफेरेजची चमक पाडली, आणि ती नेमकी ग्वानिडीन दिलेल्या नमुन्याच्या पातळीवर येऊन थांबली. ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड या विषाणूंची प्रतिकृती त्यांच्याच २सी प्रथिनापाशी थांबवतं, पण आत आलेल्या आरएनएचं भाषांतर चालू ठेवतं. म्हणजे आमचा रेणूही भाषांतराला हात लावत नव्हता, प्रतिकृतीला लावत होता.

वेळेचा प्रयोगही पुन्हा केला, या खेपेला अर्ध्या अर्ध्या तासानं. रेणू एक तासानं दिला तरी परिणाम जवळपास पूर्ण होता, आणि तोपर्यंत न्यूट्रल रेडच्या हिशेबानं बहुतेक कवचं उतरलेली होती. तिसऱ्या तासाकडे परिणाम घसरू लागला. ग्वानिडीनचा आलेख त्याच्याशी समांतर चालला. हा प्रयोग एका दिवसाचा. पहिल्याच महिन्यात असा केला असता तर झाकणांवर ‘यूबी’ कधीच लिहिलं गेलं नसतं.

शेवटी प्रतिकारक्षम विषाणू काढला. हळूहळू वाढत्या मात्रेत विषाणू वाढवत नेला, जो टिकला त्याचा जनुकक्रम वाचला. कवचाच्या चारही प्रथिनांत बदल नव्हता. बदल २सी मध्ये होता. तोच एक बदल स्वच्छ क्लोनमध्ये (विषाणूच्या मूळ, न बदललेल्या जनुकसंचाच्या प्रतीत) घातल्यावर तोही विषाणू रेणूला न जुमानता वाढू लागला. एन्टेरोव्हायरसच्या २सी ला असे रेणू धरतात हे नवल नाही. नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन हेही दुर्बल अल्कधर्मी, मेदात विरघळणारं औषध कॉक्सॅकी बी३च्या २सी लाच बांधतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रयोग त्यानंतरचा. सुचवला विद्यार्थिनीनं. प्रतिकारक्षम विषाणू दुहेरी रंगवून, रेणू असलेल्या पेशींना दिला आणि तेच जुनं चित्र घेतलं. दोन्ही रंग एकत्र, ठिपक्यामागून ठिपका, पूर्वीसारखेच. पण हा विषाणू त्याच पेशींत मजेत वाढत होता. बॅफिलोमायसिननं एंडोसोमचं आम्ल थांबवल्यावरही तसंच चित्र आलं, आणि आमच्या पेशींत संसर्ग थोडासाच घटला. (कॉक्सॅकी बी३ला आम्लाची गरज किती, याचं उत्तर पेशीच्या जातीनुसार बदलतं, म्हणून हे आमच्याच पेशींपुरतं म्हणते.) चित्र एंडोसोमच्या आम्लाबद्दल सांगत होतं. संसर्ग २सी वर अडत होता. एकाच रेणूचे हे दोन परिणाम शेजारी शेजारी राहत होते, आणि आम्ही त्यांना कारण आणि कार्य समजून बसलो होतो.

निष्पत्ती

परिषदेचा सारांश मागे घेतला. संयोजकांना कारण सांगितलं. शीर्षक बदलून तोच सारांश चालवण्याची सवलत त्यांनी देऊ केली होती. ती घ्यावी असं मला एक दिवस वाटलं. विद्यार्थिनी नको म्हणाली, कारण नवे प्रयोग तेव्हा अर्धवट होते आणि पुन्हा अर्ध्या पुराव्यावर शीर्षक बांधायची तिची तयारी नव्हती. तिचं ऐकलं.

रसायनशास्त्रज्ञांना बातमी देणं अवघड गेलं. त्यांनी काही महिने रेणूची रूपं ‘रंग एकत्र राहतात का’ या निकषावर निवडली होती. म्हणजे आमच्या सांगण्यावरून ते एंडोसोममध्ये अधिकाधिक साचणारे रेणू बनवत होते, विषाणू रोखणारे नव्हे. त्यांनी राग केला नाही, पण पुढच्या बैठकीला पहिला प्रश्न विचारला तो रास्त होता: आता जो निकष देताय तो कशावरून बरोबर? तेव्हापासून रेप्लिकॉनचा आकडा आणि प्रतिकारक्षम विषाणूवरचा आकडा असे दोन्ही आकडे त्यांच्याकडे एकत्रच जातात.

प्रबंधातलं ते प्रकरण विद्यार्थिनीनं नव्यानं लिहिलं आणि चुकलेली वाटही त्यात ठेवली. लेख उशिरा झाला, दावा लहान झाला, आणि चित्र त्यात आहे, पण चौथ्या आकृतीत, प्रतिकारक्षम विषाणूच्या चित्राशेजारी.

वेगळं काय करता आलं असतं

आरएनए थेट सोडण्याचा प्रयोग आधी. एखादा रेणू प्रवेशाशी संबंधित आहे असं वाटलं की कवच वगळून बघायचं, आणि त्यानंतरच कवचाबद्दल बोलायचं. यात पैसा कमी लागतो आणि वेळही.

चिकटण्याची चाचणी ‘सारखी’ आली तेव्हा उरलेल्या शक्यतांची यादी करायला हवी होती. कवचत्याग ही त्यातली एक होती आणि दिसायला सर्वांत आकर्षक होती. शिवाय उलटी शक्यताही आम्ही कधी तपासली नाही: काही रेणू कवचत्याग रोखत नाहीत, उलट तो पेशीबाहेरच घडवून आणतात. ऱ्हायनोव्हायरसला त्याचा ग्राही पेशीपासून सुटा करून दिला तर कवच बाहेरच उघडतं आणि विषाणू निकामी होतो. विषाणू आधी रेणूत भिजवून, मग खूप पातळ करून प्लाक मोजले की हे कळतं. आमच्या रेणूनं तसं काही केलं नाही, पण हे आम्हाला शेवटी शेवटी कळलं, सुरुवातीला नव्हे.

कंट्रोलबद्दलची चूक माझ्या मते सर्वांत टाळता येण्याजोगी होती. कंट्रोल औषध आपल्याच विषाणूवर, आपल्याच पेशींत चालतं का, हे एका साध्या टायटरनं आधी बघायचं. पुस्तकातलं औषध आणि फ्रीजमधला विषाणू यांची ओळख गृहीत धरली, त्यात दोन आठवडे गेले आणि एक चांगली पद्धत जवळजवळ टाकून दिली गेली.

आणि नळीवरचं नाव. रेणूला त्याच्या समजलेल्या कामाचं नाव दिलं की विसंगत निकाल आला तरी आधी निकालावर शंका येते. विद्यार्थिनीनं दोन रूपांचे निकाल मला दाखवण्याआधी तीनदा केले, कारण झाकणावर जे लिहिलं होतं त्याच्या ते विरुद्ध होते. आता झाकणांवर परत क्रमांकच आहेत.

एक धागा अजून सुटलेला नाही. २सी प्रतिकृतीत काम करतं तसंच नव्या कणांच्या बांधणीतही त्याचा हात असतो. २०१६ मध्ये पोलिओ विषाणूच्या २सी मधल्या एकाच अमिनो आम्लाच्या बदलामुळे, ठरावीक परिस्थितीत, कवच बांधणं आणि पुढच्या पेशीत ते उतरवणं या दोन्हींत दोष आल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे कवच कसं उतरतं हे काही अंशी ते कसं चढवलं गेलं यावर ठरतं. आम्ही रेणू नेहमी नव्या पेशींना दिला, आधी बांधून तयार असलेल्या विषाणूबरोबर. रेणूच्या अगदी हलक्या मात्रेत बांधला गेलेला विषाणू पुढच्या पेशीत, रेणू नसताना, कवच वेळेवर उतरवतो का, हे पाहिलेलं नव्हतं. विद्यार्थिनीनं त्यासाठी न्यूट्रल रेडचा तिसरा साठा लावला आहे, एक भाग हलक्या मात्रेत, एक भाग रेणूशिवाय, आणि दारावर पुन्हा ‘उघडू नका’ची पाटी लागली आहे.